गिटार जुनी आहे, पण दुर्मिळ आहे का?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा पूर्ण मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसं.)

हिंजवडी फेज टूमधून, खिडकीखाली पाण्याचा टँकर रिकामा होत असताना रेकॉर्ड करतोय. त्यामुळे मागे घरघर ऐकू आली तर समजून घ्या.

आजचा विषय जुन्या ॲकॉस्टिक गिटारचा. एखादी गिटार कधीची आहे, कुणी बनवली, आणि तिची खरी किंमत काय, हे कसं ओळखायचं? मी दिवसा बॅकएंडचा कोड लिहितो आणि रात्री गिटार वाजवतो. तज्ज्ञ नाही. पण गेल्या काही वर्षांत या नादापायी बरंच वाचलंय आणि एकदा चांगलाच फटकाही खाल्लाय. तोही सांगतो.

सुरुवात एका फोटोपासून. माझ्या टीममधल्या एका मित्राचं घर निगडी प्राधिकरणात आहे. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून घरचे माळे रिकामे करणं चाललं होतं. रात्री साडेअकराला त्याचा व्हॉट्सॲप आला. धुळीने माखलेली गिटार आणि खाली मेसेज: "भावा, बाबांची गिब्सन सापडली. ऑनलाइन बघितलं, अशा लाखांत जातायत."

फोटो झूम केला. हेडस्टॉकवर, म्हणजे जिथे खुंट्या असतात त्या डोक्यावर, इंग्रजी अक्षरं होती. जी, आय, मग पार खरवडलेलं एक अक्षर, मग एस, ओ, एन.

आता हे ऐका. मला विचारायच्या आधीच त्याने ॲपवर फोटो टाकले होते. वाकडच्या एका मुलाने ७०,००० रुपये सांगून ५,००० चं टोकन यूपीआयवर पाठवूनही दिलं होतं. मित्राच्या बहिणीला मास्टर्ससाठी ॲडमिशन मिळालेली, फीचा पहिला हप्ता तोंडावर. त्यामुळे घरात त्या गिटारकडे सगळे वेगळ्याच नजरेने बघत होते. मी म्हटलं, "रविवारी येतो. तोवर तिला कोणी पुसू नका, तेल लावू नका, तारा बदलू नका. आहे तशी ठेवा."

जुनी, दुर्मिळ आणि महाग

हे तीन शब्द आपण एकाच दमात बोलतो, पण ते तीन वेगळे आहेत.

जुनी म्हणजे फक्त वय. दुर्मिळ म्हणजे मुळात कमी बनल्या, किंवा आता कमी उरल्या. आणि महाग म्हणजे ती हवी असणारी माणसं तिच्या संख्येपेक्षा जास्त आहेत. एखादी गिटार पन्नास वर्षांची असून कोणालाच नको असू शकते.

उदाहरण म्हणून अमेरिकेतली मार्टिन कंपनी घ्या. ही १८३३ पासून गिटार बनवते. तिचं डी-४५ हे मॉडेल पहिल्यांदा १९३३ साली जीन ऑट्री या गाणाऱ्या नटासाठी बनलं. १९४२ मध्ये ते बंद होईपर्यंत फक्त ९१ बनल्या. आज जगभरातले संग्राहक त्या ९१ च्या मागे आहेत. म्हणजे जुनी, दुर्मिळ आणि हवीहवीशी, तिन्ही गोष्टी एकत्र. असं क्वचित होतं.

ओळखायचं कसं

आपण इंजिनिअर लोक बग शोधताना आधी लॉग वाचतो, लगेच कोड बदलत नाही. इथेही तेच करायचं. हात लावण्याआधी वाचायचं.

पहिली गोष्ट, नंबर. मार्टिनचा सिरियल नंबर साउंडहोलमधून आत बघितलं की नेकच्या लाकडी ठोकळ्यावर दिसतो. हे नंबर १८९८ पासून सुरू झाले, तेही ८००० पासून, कारण तोवर साधारण तितक्या गिटार बनल्या असतील असा कंपनीचाच अंदाज होता. कोणत्या वर्षी कुठल्या नंबरपर्यंत बनल्या याची यादी उघड आहे. नंबर बघा, वर्ष कळतं.

गिब्सनचा मामला मात्र गुंत्याचा आहे. साठच्या दशकात त्यांनी तेच नंबर वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले. डेटाबेसवाल्यांनो, प्रायमरी की डुप्लिकेट! त्यामुळे त्या काळातल्या गिब्सनचं वर्ष फक्त नंबरवरून ठरत नाही, बाकीच्या खुणा बघाव्या लागतात. १९७७ पासून मात्र आठ आकडी नंबर आला आणि तो वाचायला मजा येते. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. समजा नंबर ८१२३४५६७ आहे. पहिला ८, पाचवा ४, म्हणजे १९८४. मधले १२३, म्हणजे त्या वर्षाचा १२३ वा दिवस, २ मे. उरलेले तीन आकडे कारखान्यातल्या क्रमासाठी.

पण नंबर हा एकच पुरावा धरू नका. नंबर खोटा मारता येतो, लेबल छापता येतं. म्हणून दुसरी गोष्ट, लाकूड. साउंडहोलच्या कडेला बोटभर जवळ जाऊन बघा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा जाडीतही तशाच खाली उतरत असतील तर अख्खं लाकूड. सँडविचसारखे थर दिसले तर प्लायवूड. जुन्या महागड्या गिटारचा वरचा भाग जवळजवळ नेहमी अख्ख्या लाकडाचा असतो.

लाकडाबद्दल एक गंमत सांगतो. मार्टिनने १९६९ च्या सुमाराला डी-२८ सारख्या मॉडेलच्या पाठीसाठी ब्राझिलियन रोझवूड सोडून भारतीय रोझवूड घेतलं. भारतीय रोझवूड म्हणजे आपलं शिसवी. सह्याद्रीत वाढतं ते, ज्याची आजीच्या घरात कपाटं असतात ते. १९६८ ची आणि १९७१ ची डी-२८ शेजारी ठेवली तर लांबून फरक कळणार नाही. पण बाजारात पहिली बरीच महाग, कारण ते ब्राझिलियन लाकूड आता मिळत नाही. १९९२ पासून ते आंतरराष्ट्रीय करारात सगळ्यात कडक यादीत आहे, कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही. ऑनसाइटला गेलेल्या मित्राला "येताना जुनी मार्टिन घेऊन ये" सांगणार असाल, तर आधी पाठीचं लाकूड विचारा. शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून त्या करारात सूट आहे.

तिसरी गोष्ट, पोटातल्या पट्ट्या. तारा सैल करा, फोनचा फ्लॅश लावून व्हिडिओ चालू करा आणि फोन हळूच साउंडहोलमधून आत फिरवा. वरच्या फळीखाली आधाराच्या पट्ट्या दिसतील. स्टीलच्या तारांच्या चांगल्या गिटारमध्ये त्या बहुतेक इंग्रजी एक्ससारख्या एकमेकींवरून जातात. स्वस्त गिटारमध्ये बऱ्याचदा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असतात. त्याच व्हिडिओत जुनी दुरुस्ती, वाहिलेला फेव्हिकॉल, तडे, सगळं दिसतं.

चौथी गोष्ट, काय काय बदललंय. ट्यूनर मूळचे आहेत का? बदलले असतील तर मागे जुन्या स्क्रूची बुजवलेली भोकं सापडतात. ब्रिज उचलला गेलाय का? पॉलिश मूळचं आहे की नंतर मारलेलं?

माझा फटका

पॉलिशवरून माझी गोष्ट. बीटेकच्या शेवटच्या वर्षी एका सीनिअरने हॉस्टेल सोडताना मला यामाहाची जुनी एफजी-१८० दिली, २,५०० रुपयांत. आत लाल लेबल, त्यावर निप्पॉन गाक्की लिहिलेलं, जपानमध्ये बनलेली. १९६६ साली यामाहाने ही मालिका सुरू केली आणि तिच्या लाल लेबलवाल्या गिटार लोक आजही शोधत असतात. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. ओरखडे होते, ट्यूनर गंजलेले होते. मी ती एका दुकानात टाकली आणि म्हटलं, "नवी करून द्या."

त्यांनी खरंच नवी करून दिली. जुनं पॉलिश घासून काढलं, चकचकीत लॅकर मारलं, नवे ट्यूनर बसवले, जुने फेकले. आतलं लेबल ओलं होऊन फाटलं. मी वर १,८०० रुपये दिले आणि खूश होऊन घरी आलो. वर्षभराने वाचलं की जमवणाऱ्यांच्या बाजारात मूळ पॉलिश गेलेल्या जुन्या गिटारची किंमत साधारण निम्मी धरतात. आणि आवाजही बदलला होता, जाड लॅकरखाली दबल्यासारखा. दुकानदाराची चूक नाही, मी सांगितलं तेच त्याने केलं. म्हणून मित्राला रात्री साडेअकराला पहिलं वाक्य "पुसू नका" असं लिहिलं.

रविवारची निगडी

काकूंनी पोहे दिले आणि काकांनी गिटार टीपॉयवर ठेवली. काका आकुर्डीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेत. ते म्हणाले, "अरे, एकोणनव्वद साली घेतली. जुन्या बाजारात. विकणारा म्हणाला, कोरेगाव पार्कच्या आश्रमात आलेला एक गोरा सोडून गेला."

ही गोष्ट अगदीच अशक्य नाही. सत्तरच्या दशकात पुण्याच्या आश्रमात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी तरुण खूप आले. हणजूणच्या बाजारात तर ते परतीच्या पैशासाठी स्वतःचं सामान विकायला बसत. आणि आयातीवर बंधनं असल्यामुळे १९९१ पर्यंत दुकानात परदेशी गिटार सहज मिळत नव्हती. म्हणजे चांगली गिटार अशा मार्गाने आपल्याकडे येऊ शकते. पण "येऊ शकते" आणि "आली" यात पावतीचा फरक असतो. आणि गोष्ट विकणाऱ्यानेच सांगितली असेल तर ती पुरावा म्हणून धरायची नाही.

मी एकेक गोष्ट बघत गेलो. हेडस्टॉकच्या मागे नंबर नाही. सत्तरच्या दशकातल्या गिब्सनला तिथे 'मेड इन यूएसए' असा ठसा असतो, तोही नाही. पुढे ट्रस रॉडचं झाकण नाही. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळई. गिब्सनने ती १९२० च्या दशकात आणली आणि तिचा नट हेडस्टॉकवर छोट्या झाकणाखाली असतो. साउंडहोलच्या कडेला थर, म्हणजे प्लायवूड. फोन आत घातला, पट्ट्या शिडीसारख्या. आणि सगळ्यात शेवटी, पाठीला चिकटलेला लेबलचा फाटका तुकडा. त्यावर एकच शब्द वाचता आला: कलकत्ता.

खरवडलेलं अक्षर 'बी' नव्हतं, 'व्ही' होतं. गिवसन. आपल्या देशात बनणारी गिटार.

इथे एक सांगतो, गिवसनला हसू नका. परदेशी गिटार परवडत नव्हती तेव्हा हजारो पोरं याच देशी गिटारवर पहिला सी कॉर्ड शिकली. फक्त सत्तर हजारांची ती नाही. आजच्या अवस्थेत तिचे तीन-चार हजार आले तरी खूप.

मी काकांना तसंच सांगितलं. खोलीत कोणी काही बोललं नाही. मग मित्र म्हणाला, "पण आपण कुठे गिब्सन लिहिलंय? नुसता फोटो टाकलाय. त्याने स्वतःच समजून घेतलं."

तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'जुनी ॲकॉस्टिक गिटार, फोटो बघा'. काका थोडा वेळ गिटारकडे बघत बसले. मग म्हणाले, "मला पण त्या माणसाने कुठे लिहून दिलं होतं? मी पण समजूनच घेतलं होतं." आणि मित्राला म्हणाले, "त्या पोराला फोन लाव. पैसे परत पाठव आत्ताच्या आत्ता."

मित्राने फोन स्पीकरवर लावला. पलीकडचा मुलगा आधी चिडला, त्याला वाटलं जास्त देणारा कोणी भेटला. मी त्याला लेबलचा आणि पट्ट्यांचा फोटो पाठवला. पाच मिनिटांनी त्याचा मेसेज आला: "थँक्यू दादा. ट्रेनिंगचा स्टायपेंड साठवलेला होता."

किंमत कशी काढायची

समजा नंबर, लाकूड, पट्ट्या सगळं जुळलं आणि गिटार खरंच मोठी निघाली. मग किंमत?

मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली किंमत बघा. मित्राने बघितलेले लाख रुपये हे लोकांनी मागितलेले होते. ईबेवर विकलेल्या वस्तूंचा फिल्टर आहे, रिव्हर्बवर प्राइस गाइड आहे. तेच मॉडेल, तेच वर्ष, तशीच अवस्था असलेल्या तीन-चार विक्री बघा. मग दुरुस्तीचा खर्च वजा करा. नेक वर ओढली गेली असेल, ब्रिजमागे फळी फुगली असेल, तर काम मोठं असतं. शिवाय ते आकडे डॉलरमधले, तिकडच्या गिऱ्हाईकांचे. इथे गिऱ्हाईक कमी, आणि तिकडे पाठवायचं तर शिपिंग आणि कस्टम.

आणि गोष्टीला किंमत असते, पण पुराव्यासकट. २०२४ मध्ये जॉन लेननची बारा तारांची फ्रॅमस गिटार लिलावात साधारण २८.५ लाख डॉलरला गेली. ती इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली होती. हो, माळ्यावरच! पण ती लेननचीच, हे जुन्या फोटोंशी ताडून बघितलं गेलं. कर्ट कोबेनची १९५९ ची मार्टिन डी-१८ई २०२० मध्ये ६० लाख डॉलरच्या वर गेली. तीच गिटार दुसऱ्या कोणाची असती तर त्याच्या आसपासही गेली नसती. म्हणून घरात जुनं वाद्य असेल तर पावती, पत्रं, वाजवतानाचे फोटो जपा.

कोपऱ्यातली साडी

मी निघायच्या बेतात होतो. चपला घालताना पॅसेजच्या कोपऱ्यात जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी उंच उभं दिसलं. विचारलं, तर काकू म्हणाल्या, "तो आईचा तंबोरा. तोही माळ्यावरूनच काढलाय. भंगारवाल्याने भोपळा बघून नको म्हटलं."

साडी सोडली. मोठा गोल भोपळा, त्याला एक बारीक तडा. दोन खुंट्या गायब. पण दांडी सरळ, तबली शाबूत, आणि आत लेबलवर मिरजेचा पत्ता.

मिरज तुम्हाला मिशन हॉस्पिटल आणि रेल्वे जंक्शनमुळे माहीत असेल. पण तिथे एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यं बनतात. शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारी, धार लावणारी घराणी. हत्यारांची मागणी गेली तशी ती सतार आणि तंबोऱ्याकडे वळली. फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव सुरुवातीचे कारागीर म्हणून घेतलं जातं. भोपळे सोलापूर जिल्ह्यातून, भीमेकाठच्या भागातून येतात. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं.

गिटारचे नियम इथे तसेच चालत नाहीत. सिरियल नंबर नाही, प्राइस गाइड नाही. कारागिराची नजर हाच डेटाबेस. पण तत्त्व तेच: लेबल, लाकूड, भोपळा, आधीची दुरुस्ती, आणि हात लावायच्या आधी फोटो. एक गोष्ट मात्र आधी तपासा. जुन्या वाद्यांवर हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची घोडी, नक्षी असू शकते आणि त्यांचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे. इथली घोडी साध्या हाडाची निघाली.

आम्ही सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि मिरजेच्या एका कारागिराला पाठवले. त्यांचं उत्तर आलं: भोपळा जुना आणि चांगला आहे, तडा सांधता येईल, जवारी नव्याने काढावी लागेल, पॉलिशला हात लावू नका. किती किमतीला जाईल असं मित्राने विचारलं, तर म्हणाले, "आधी वाजू तर दे. आणि विकायचा असेल तर मला पहिला फोन कर."

काकू म्हणाल्या, "विकायचा नाहीये. दुरुस्तीचं विचार." बहिणीच्या फीचं आधी ठरलं होतं तसंच होणार, एज्युकेशन लोन. पुढच्या महिन्यात तंबोरा गाडीत आडवा घालून मिरजेला न्यायचाय, मी पण जाणार आहे. गिवसनला काकांनी नव्या तारा बसवल्यात. दर रविवारी मित्राला फोन करून म्हणतात, एफ कॉर्ड अजून लागत नाही.

तर मंडळी, थोडक्यात. माळ्यावर वाद्य सापडलं तर पुसू नका, आधी फोटो काढा. नंबर, लाकूड, पट्ट्या, बदललेले भाग, या क्रमाने बघा. किंमत विकलेल्या आकड्यांवरून काढा. आणि समोरच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळत असेल, मग तुम्ही विकत असा की घेत असा, तर त्याला सांगा. जुन्या वस्तूंच्या बाजारात सगळ्यात जास्त नुकसान न सांगितलेल्या गोष्टींनी होतं. एकोणनव्वद साली ते काकांचं झालं, यावेळी वाकडच्या त्या मुलाचं होणार होतं.

तुमच्या घरात असं काही असेल, गिटार, सतार, बुलबुल तरंग, पेटी, काहीही, तर व्हॉइस नोट पाठवा. मिरजेहून परत आल्यावर तंबोऱ्याचा आवाज ऐकवतो. तोवर काळजी घ्या, आणि भूमकर चौकात अडकला असाल तर हा भाग परत एकदा ऐका, तेवढा वेळ नक्की आहे.